अपग्रेड करताना ‘वाय’ दाबायचं की ‘एन’?

प्रश्न असा आलाय: “सर, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत सर्व्हर सांभाळतो. परवा त्यावरची उबंटू ही लिनक्स सिस्टीम २०.०४ वरून २२.०४ वर नेली. मध्येच कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फायलींबद्दल विचारत होतं, नवी घ्यायची का, वाय की एन. काय दाबावं कळेना, म्हणून भीतीपोटी सगळीकडे एन दाबलं. मशीन चालू झालं, पण आता पोर्टलवर ड्रॉइंग अपलोड होईनात, २ एमबीच्या वर काही घेतच नाही. सेटिंग्ज असतात त्या ईटीसी फोल्डरात डीपीकेजी-डिस्ट आणि यूसीएफ-डिस्ट अशा शेपटीच्या नऊ फायली दिसतात. उडवू का? आणि पुढं २४.०४ ला जाताना नेमकं काय दाबायचं?”

उडवू नकोस. अरे-तुरे करतोय त्याचा राग मानू नकोस, माझा थोरला तुझ्याच वयाचा असेल. आणि तुझं अपलोड बंद पडलंय त्याचा तुझ्या एन दाबण्याशी काडीचाही संबंध नाही. त्या फायलीबद्दल मशीननं तुला विचारलंच नव्हतं. बावीस वर्षं कोल्हापूरभोवतीच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले सर्व्हर सांभाळतोय. पडद्यावर जो प्रश्न येतो तो माणसाला क्वचित बुडवतो. बुडवतात ते न विचारलेले.

आधी अपलोडचं मिटवू, कारण डिझाइनवाले तुझ्या डोक्यावर बसले असतील. पोर्टल ज्यावर चालतं ते पीएचपी २०.०४ मध्ये ७.४ होतं, २२.०४ मध्ये ८.१ आहे. डेबियन (उबंटू जिच्यावरून बनली ती लिनक्स) आणि उबंटूत पीएचपीची प्रत्येक आवृत्ती ईटीसीतल्या पीएचपी फोल्डरात स्वतःची वेगळी चूल मांडते. तुझ्या आधीच्या कुणीतरी ७.४ च्या पीएचपी डॉट आयएनआय फायलीत अपलोडची मर्यादा वाढवून ठेवली होती. अपग्रेडनं ८.१ चं नवं घर बांधलं आणि त्यात कोरी फाईल ठेवली. कोऱ्या फायलीत मर्यादा २ एमबी. जुनी फाईल आहे तिथंच आहे, जाऊन बघ. तिला आता कुणी वाचत नाही, एवढंच.

नवी आयएनआय फाईल उघडून त्यात आकडा बदलू नकोस, हात शिवशिवले तरी. ८.१ च्या फोल्डरात अपाची या वेब सर्व्हरसाठीचं अपाची-२ नावाचं फोल्डर आहे, त्यात कॉन्फ डॉट डी. तिथं ९९ आकड्यानं सुरू होणारी, शेवटी आयएनआय असलेली स्वतःची नवी फाईल कर आणि दोनच ओळी लिही. अपलोड मॅक्स फाईलसाईझ ४० एम, पोस्ट मॅक्स साईझ ४८ एम. दुसरी ओळ विसरलास तर ८ एमबीला परत अडकशील, कारण अख्खी विनंती पोस्टच्या मर्यादेत बसावी लागते आणि तिथला कोरा आकडा ८ एमबी आहे. मग अपाची रीस्टार्ट. पीएचपी अपाचीबाहेर स्वतंत्र चालवणारं एफपीएम वापरत असलास तर फोल्डर एफपीएम नावाचं. सीएलआयचं, म्हणजे टर्मिनलवरच्या पीएचपीचं, फोल्डर तिसरंच, आणि पोरं फसतात ती इथं. टर्मिनलवर पीएचपीला मर्यादा विचारली तर ते सीएलआयची फाईल वाचून उत्तर देतं, वेबसाइटची नाही. आकडा बरोबर दिसतो आणि अपलोड मात्र होत नाही.

अपलोड चालू झालं का? आता निवांत बोलू.

तो वाय-एनचा प्रश्न विचारताना डीपीकेजी, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम, तुझी परीक्षा घेत नसतं. त्याच्यासमोर तीन ठसे असतात. मागच्या खेपेला पॅकेजनं दिलेल्या फायलीचा ठसा, या खेपेला पॅकेजमधून आलेल्या फायलीचा, आणि डिस्कवर आत्ता जी आहे तिचा. ठसा म्हणजे एमडी५, फायलीच्या मजकुरावरून काढलेली खूण. तू फायलीला हात लावला नसशील आणि पॅकेजवाल्यांनी ती बदलली असेल, तर गुपचूप नवी बसते. तू बदललीस आणि त्यांनी जुनीच पाठवली, तर गुपचूप तुझी राहते. तू ती उडवलीच असशील तर तोही तुझा निर्णय म्हणून मानला जातो, फाईल परत येत नाही. दोघांनीही हात लावला असेल तेव्हाच प्रश्न येतो. म्हणजे तुझ्या नऊ फायली ही फक्त बातमी आहे, की नऊ ठिकाणी तुमचेही हात लागलेत आणि पॅकेजवाल्यांचेही.

पडद्यावरच्या मजकुरात एक कंस असतो, तो फारसं कुणी वाचत नाही. त्यात लिहिलेलं असतं, ‘तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टनं’ बदल केलाय. ‘स्क्रिप्टनं’ हा शब्द महत्त्वाचा. वेब कंट्रोल पॅनेल, बॅकअपचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरसचा इन्स्टॉलर, हे सगळे तुला न सांगता ईटीसीत हात घालून जातात. त्यामुळे “मी तर ही फाईल उघडलीच नव्हती, मग विचारतंय कशाला” हा प्रश्न पडला तर घाबरायचं नाही, शोधायचं.

उत्तरं चार. वाय किंवा आय म्हणजे नवी घ्या, एन किंवा ओ म्हणजे माझी ठेवा, डी म्हणजे दोन्हींतला फरक दाखवा, झेड म्हणजे मला जरा शेल, कमांड टाइप करायची जागा, उघडून द्या. नुसतं एंटर दाबलं तर एन. झेडचा उपयोग करणारा माणूस मी माझ्याखेरीज दोनच पाहिले, पण उपयोगी तेच आहे. शेलमध्ये जाऊन फायली शांतपणे बघायच्या, लागलं तर तुझी फाईल तिथंच हातानं दुरुस्त करायची आणि बाहेर पडायचं. प्रश्न परत समोर येतो. एन म्हटलंस तर पॅकेजची नवी फाईल डीपीकेजी-डिस्ट शेपटी लावून शेजारी ठेवली जाते. वाय म्हटलंस तर तुझी जुनी डीपीकेजी-ओल्ड होऊन राहते. काही पॅकेजेस हे काम यूसीएफ नावाच्या दुसऱ्या कारभाऱ्याकडे देतात, एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करायला), सांबा (फोल्डर शेअर करायला), ग्रब (मशीन सुरू होताना सिस्टीम उठवणारा) ही त्यातलीच. तिथं शेपटी यूसीएफची. काही असो, उत्तर चुकलं तरी मजकूर हरवत नाही.

मजकूर हरवत नाही, माणूस हरवतो. काही वर्षांपूर्वीची जुलैतली रात्र. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर मी राजारामपुरीतून, घरी बसून अपग्रेड करत होतो. बाहेर मुसळधार. रात्री एकच्या सुमाराला एसएसएचच्या कॉन्फिगचा प्रश्न आला. म्हटलं नव्या फायलीत सुरक्षेचं काहीतरी चांगलं असेल, आणि नवी घेतली. डी दाबून बघितलंही नाही. तिथं एसएसएच नेहमीच्या २२ नंबरच्या पोर्टवर नव्हतंच. आधीच्या माणसानं वेगळा पोर्ट ठेवला होता आणि फायरवॉलमध्ये तेवढंच दार उघडं होतं. नवी फाईल आली म्हणजे परत २२. चालू असलेली जोडणी तुटत नाही, त्यामुळे मला पत्ताही लागला नाही. शेवटी रीबूट केलं आणि दार बंद. उबंटूचं अपग्रेड साधन एसएसएचवरून चालवलं तर ते अडचणीसाठी म्हणून १०२२ वर एक जास्तीचं दार उघडून देतं. पण फायरवॉलमध्ये ते उघडणं आपलं काम, आणि रीबूट झालं की तेही जातं. रेनकोट चढवला, मोटारसायकलवरून वीसेक किलोमीटर गेलो, वॉचमनला उठवलं, सर्व्हरला मॉनिटर लावला. माझी जुनी फाईल यूसीएफ-ओल्ड नावानं तिथंच बसलेली. ती जागेवर ठेवायला दहा सेकंद लागले. घरी आलो तेव्हा दूधवाला दारात होता.

मग एनच बरोबर म्हणायचं का? तसंही नाही मर्दा. १८.०४ वरून २०.०४ ला जाताना मायएसक्यूएल या डेटाबेसचं ५.७ चं ८.० झालं. ८.० मध्ये क्वेरी कॅश, म्हणजे आधीची उत्तरं साठवून ठेवायची सोय, मुळातूनच काढून टाकलेली. आपल्याकडे ज्यानं त्यानं कुठंतरी वाचून क्वेरी कॅश साईझची ओळ कॉन्फिगमध्ये घातलेली असायची. ती ओळ जुन्या फायलीत तशीच राहिली की मायएसक्यूएल ‘हे काय आहे मला माहीत नाही’ म्हणून उठायलाच नकार देतं. इथं आपली फाईल सांभाळली म्हणूनच डेटाबेस बंद. डेबियन १३ मध्ये मेल सर्व्हरचं डव्हकॉट २.४ आलं, त्याची कॉन्फिगची भाषाच बदलली आहे, २.३ ची फाईल जशीच्या तशी चालत नाही. मेल सर्व्हरवर तिथं एन दाबून झोपायला गेलास तर सकाळी मालकाचा फोन ठरलेला.

आता न विचारलेल्या प्रश्नांकडं येतो. एक प्रकार तुझ्या पीएचपीचा, आवृत्तीचा आकडा असलेलं फोल्डर. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही हेच. २०.०४ मध्ये १२, २२.०४ मध्ये १४, २४.०४ मध्ये १६. नवी आवृत्ती स्वतःचा वेगळा क्लस्टर, म्हणजे डेटाचं घर, करते, ५४३२ हा पोर्ट आधीच अडलेला असेल तर ५४३३ वर जाऊन बसते, आणि तुझा जुना डेटा जुन्या क्लस्टरमध्येच. तो पीजी-अपग्रेडक्लस्टर चालवून आणायचा असतो. हे न करता जुनं पॅकेज ‘आता नको’ म्हणून काढणारे महाभाग मी पाहिलेत.

दुसरा प्रकार जास्त वाईट. फाईल जशीच्या तशी, एक अक्षर बदललेलं नाही, आणि वागणूक बदलली. शिरोलीतल्या एका ऑफिसात जुनं झेरॉक्स-कम-स्कॅनर मशीन होतं. चलनं स्कॅन करायचं आणि सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरात टाकायचं. १८.०४ वरून २०.०४ केलं, सांबाच्या कॉन्फिगला एन दाबून आमचीच फाईल ठेवली, आणि स्कॅनर मुका. मी ती फाईल तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. चूक फायलीत असती तर सापडली असती ना! सांबा ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉल डिफॉल्टमध्ये बंद झाला. आमच्या फायलीत प्रोटोकॉलबद्दल एक शब्द नव्हता, म्हणजे जे प्रोग्रॅमच्या पोटात असेल ते. पोटातलं बदललं. स्कॅनरला एसएमबी १ सोडून काही येत नव्हतं. एक ओळ घालून जुना प्रोटोकॉल चालू करता येतो, पण तो एका शेअरपुरता नाही, अख्ख्या सर्व्हरला लागू होतो, आणि २०१७ चं वॉनाक्राय ह्याच एसएमबी १ मधल्या खिंडारातून विंडोजच्या मशीनांत घुसलं होतं. मी ती ओळ घातली नाही. स्कॅनरला एफटीपी ही फायली पाठवायची दुसरी पद्धत येत होती, त्याच्यासाठी ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं एक एफटीपी खातं करून दिलं.

हे आधी कळायला मार्ग आहे. नुसती फाईल न वाचता प्रोग्रॅमलाच विचारायचं, की तू आत्ता नेमकं काय मानून चाललायस. एसएसएच सर्व्हरला कॅपिटल टी पर्याय दिला की तो सगळी लागू सेटिंग्ज छापतो, न लिहिलेलीही. सांबासाठी टेस्टपार्मला व्हर्बोज पर्याय. अपग्रेडच्या आदल्या दिवशी ही उत्तरं एका फोल्डरात साठवायची, अपग्रेडनंतर परत काढायची आणि दोन्हींचा डिफ, म्हणजे फरक, घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे. त्या स्कॅनरचं कारण मला दोन दिवसांऐवजी दोन ओळींत दिसलं असतं. मेलच्या पोस्टफिक्सचं पोस्टकॉन्फ स्मॉल एन पर्यायानं फक्त आपण बदललेलं दाखवतं, आणि दुसऱ्याचा सर्व्हर ताब्यात घेताना मी पहिल्यांदा तेच बघतो.

तिसरं, फाईल आहे, नीट आहे, पण वाचणारा निघून गेला. डेबियन १३ मध्ये सिस्टीमडीचं (सगळ्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) सिसकंट्रोल, म्हणजे कर्नलची सेटिंग्ज लावणारं साधन, ईटीसीतली सिसकंट्रोल डॉट कॉन्फ ही फाईल वाचतच नाही, फक्त सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरातल्या वाचतं. वर्षानुवर्षं आपण आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका नेटवर्कवरचं दुसऱ्यावर पाठवायचं सेटिंग, तिथं लिहीत आलो. ज्यांचा डेबियन हाच राउटर आहे त्यांनी हे आधी बघावं.

आणि चौथं पाप आपलं स्वतःचं. सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी युनिट फाईल लिब-सिस्टीमडीतून थेट उघडून बदलायची. ईटीसीच्या बाहेरच्या फायलींना डीपीकेजी कॉन्फिग समजत नाही. पुढच्या साध्या अपडेटलासुद्धा ती न विचारता पुसली जाते, आणि तक्रार करायला तोंड नसतं. सिस्टीमसीटीएल एडिट वापर. तो ईटीसीत त्या सर्व्हिसच्या नावानं छोटं फोल्डर करून ओव्हरराइड फाईल ठेवतो. त्यात एक्झेकस्टार्ट, म्हणजे सर्व्हिस सुरू करणारी कमांड, बदलायची असेल तर आधी ती रिकामी लिहायची आणि खालच्या ओळीत नवी, नाहीतर दोन-दोन कमांड झाल्या म्हणून ओरडतो.

तुमच्याकडं उद्या रेड हॅटच्या घराण्यातली अल्मालिनक्स किंवा रॉकी आली तर लक्षात ठेव, तिथं पॅकेजेस बसवणारं आरपीएम प्रश्नच विचारत नाही. पॅकेज करणाऱ्यानं फायलीला नोरिप्लेस लिहिलं असेल तर तुझी राहते आणि नवी आरपीएमन्यू शेपटीनं शेजारी येते. लिहिलं नसेल तर नवी बसते आणि तुझी आरपीएमसेव्ह होते. दुसरी भेटली की सावध, तिथं तुझं सेटिंग आत्ता लागू नाही.

विना देखरेख चालणारी सुरक्षा अपडेट्स तुमच्याकडं चालू असतील, उबंटूत असतातच. रात्री तीनला वाय-एन दाबायला कुणी नसतं, म्हणून कॉन्फिगचा प्रश्न येणार असं दिसलं की तो गडी ते पॅकेज बाजूला ठेवतो आणि पुढं जातो. म्हणजे तू सहा महिने समजतोस की सगळं अद्ययावत आहे, आणि नेमकं तू हात लावलेलं पॅकेज, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं, जुनंच. त्याचा लॉग महिन्यातून एकदा वाचत जा. एकसारख्या वीस मशीनवर स्क्रिप्टनं करत असशील तर डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे दोन पर्याय जोडीनं देतात: जिथं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे तिथं ते घे, नसेल तर माझी ठेव. डेबियन फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह केलं की झालं असं सांगणारे भेटतील. त्यानं डेबकॉन्फचे, म्हणजे पॅकेज बसताना प्रश्न विचारणारे, निळे पडदे थांबतात, डीपीकेजीचा कॉन्फिग फायलींचा हा प्रश्न थांबत नाही.

आता तुझ्या नऊ फायली. नुसता तुझ्या आणि नव्या फायलीतला डिफ बघून भागत नाही. एखादी ओळ नव्या फायलीत आहे आणि तुझ्यात नाही. ती त्यांनी नव्यानं घातली की तुमच्याकडं कुणीतरी मुद्दाम काढली होती? दोन कागदांवरून हे ठरतच नाही. तिसरा लागतो: जुन्या पॅकेजमधली मूळ फाईल. २०.०४ चं ते पॅकेज डाउनलोड करून, न बसवता, एका कोपऱ्यातल्या फोल्डरात उघड. मूळ विरुद्ध तुमची हा झाला तुमचा बदल. मूळ विरुद्ध नवी हा झाला त्यांचा बदल. एवढं वेगळं झालं की नऊपैकी निम्म्यांत त्यांचा बदल म्हणजे फक्त कॉमेंटचं इंग्रजी सुधारलंय असं निघेल, तिथं काही करायचं नाही. राहिलेल्यांसाठी माझी पद्धत अशी: नवी फाईल पाया म्हणून घ्यायची आणि तुमचा बदल तिच्यावर चढवायचा. उलटं करायचं नाही. जुन्या फायलीत नव्या ओळी डकवत गेलास तर पाच अपग्रेडनंतर ती गोधडी होते.

आणि तुमचा बदल चढवताना स्वतःला एक विचार, हा इथं का आहे? मला खात्री आहे, नऊपैकी दोन-तीन ठिकाणी उत्तर मिळणार नाही. शेतीवाल्या घरातला असशील तर तुला सातबारा माहीत आहे. आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते त्यावर दिसतं. कधी, कशानं, कोणत्या व्यवहारानं झाली ते बघायला फेरफार काढावा लागतो, गाव नमुना ६. आपल्या सर्व्हरांवर सगळ्यांकडं सातबारा असतो, फेरफार कुणाकडंच नसतो. म्हणून इटीसीकीपर बसव. अख्खं ईटीसी ते गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवतं, फायलींच्या परवानग्या आणि मालकीसुद्धा नोंदवतं, एपीटीनं पॅकेजेस बसवण्याआधी आणि नंतर आपणहून कमिट, म्हणजे नोंद, करतं. गिट एरवी परवानग्या नीट ठेवत नाही, म्हणून नुसतं गिट इनिट करू नकोस. आणि ते बाहेरच्या कुठल्या गिट सेवेवर ढकलू नकोस, त्यात पासवर्डांची शॅडो फाईल आणि खाजगी किल्ल्या असतात. तू स्वतः बदल केलास की कमिटमध्ये कारण लिही. ‘बदल केला’ असं लिहिलंस तर न लिहिल्यासारखंच. ‘पॅटर्न शॉपच्या ड्रॉइंग २५ एमबीच्या असतात म्हणून अपलोड ४०’ असं लिही. तुझ्यानंतर येणारा तुला शिव्या देणार नाही. काय काय बदललेलं आहे याची झटपट यादी हवी तर डीपीकेजीला कॅपिटल व्ही देऊन चालव. सी अक्षराच्या ओळी म्हणजे कॉन्फिग फायली. यूसीएफवाल्या मात्र त्यात येत नाहीत.

खरी सोडवणूक मी तुला पीएचपीच्या वेळीच सांगून ठेवली. पॅकेजच्या फायलीला हातच लावायचा नाही. आपलं जे काही आहे ते डॉट डी फोल्डरात आपल्या छोट्या फायलीत. मग ठसा कोराच राहतो, नवी फाईल गुपचूप बसते, प्रश्न येतच नाही. पण प्रत्येक घरची रीत वेगळी आहे आणि ती माहीत नसेल तर घोटाळा. सिसकंट्रोल, पीएचपी, मायएसक्यूएल, सुडोअर्स (ॲडमिनचे अधिकार कुणाला ते ठरवणारे सुडोचे नियम) इथं मागून येणाऱ्याचं चालतं, म्हणून आपली फाईल ९९. एसएसएचमध्ये उलटं, पहिल्यांदा जे सापडलं तेच धरतो. मुख्य फायलीत इन्क्लूडची ओळ अगदी वर असते म्हणून आपली फाईल जिंकते, पण त्या फोल्डरातल्या फायलींत आपापसात लहान आकडा जिंकतो. उबंटू सर्व्हरवर तिथं बऱ्याचदा ५०-क्लाउड-इनिट नावाची फाईल आधीच बसलेली असते आणि तिच्यात पासवर्डनं लॉगिन चालू असं लिहिलेलं असू शकतं. तू ९९ मध्ये बंद लिहिलंस, सर्व्हिस रीस्टार्ट केली, कुठलीही चूक दाखवली नाही, आणि पासवर्ड चालूच. इथं १० आकडा द्यायचा आणि कॅपिटल टी चालवून खात्री करायची.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरात तर जे असेल ते सगळं वाचलं जातं. तिथं डिफॉल्ट डॉट बॅक म्हणून कॉपी ठेवलीस तर तीही लागू होते आणि एकच सर्व्हर दोनदा आला म्हणून कटकट. याच्या बरोबर उलटं सुडोअर्स डॉट डी: नावात टिंब असलेली फाईल तिथं वाचलीच जात नाही. मी एकदा मोठ्या हौसेनं शेवटी कॉन्फ लावून फाईल ठेवली आणि तासभर सुडोला दोष देत बसलो होतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या डेबियनच्या क्रॉन डॉट डीतही टिंबवाली नावं वगळतात. तिथं ते बरंच आहे, डीपीकेजी-डिस्ट शेपटीची कामं चालत नाहीत.

२४.०४ ला जाशील तेव्हा पीएचपी ८.३ येईल आणि तुझी ९९ ची फाईल परत मागं राहील. हे तेवढं आत्ताच कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकला चिकटव. घाई करायचं कारण नाही, २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत नेहमीची अपडेट्स आहेत. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याची नक्कल कर, नेटवर्क तोडून तिच्यावर अपग्रेड चालव, जे जे प्रश्न येतील ते आणि तुझी उत्तरं वहीत लिहून काढ. खऱ्या दिवशी विचार करायचा नसतो, वही बघून दाबायचं असतं. साधं डेस्कटॉप असेल तर कारखान्यातल्या भंगारातलं एखादं पीसी आणि डिस्कची प्रत, तेही चालतं. बाहेरच्या रिपॉझिटरी अपग्रेड साधन बंद करतं आणि नंतर चालू करत नाही, त्यांची यादी आधी काढून ठेव.

खऱ्या दिवशी कोणतीही सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी तिची तपासणी. एनजिनएक्सला आणि एसएसएचला स्मॉल टी, अपाचीला कॉन्फिगटेस्ट, सुडोसाठी व्हिसुडो सी. नेटवर्कची सेटिंग्ज लावणाऱ्या नेटप्लॅनमध्ये थेट अप्लाय न करता ट्राय कर; १२० सेकंदांत तू एंटर दाबलं नाहीस तर आपोआप जुनं लागू होतं. एसएसएचची एक जोडणी चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून नवी जोडणी करून बघ, झाली तरच पहिली सोड. त्या रात्री मी एवढं केलं असतं तर रेनकोट खुंटीवरच राहिला असता. आणि सगळं झालं की तू समोर असताना एकदा रीबूट कर. नाहीतर चुकीची फाईल तशीच दबा धरून बसते, दोन महिन्यांनी पावसात लाइट जाते, यूपीएस दम टाकतो, आणि मशीन परत चालू होताना डेटाबेस उठत नाही. तोवर अपग्रेड केलेलं तू विसरलेला असतोस.

आज रात्री एवढंच कर: इटीसीकीपर बसवून आहे त्या अवस्थेचं पहिलं कमिट, नऊ फायलींसकट. मग एकेक फाईल. एसएसएच आणि सांबा शेवटी घे, दिवसा, कारखान्यात समोर बसून. या दोन्हींत अडलास तर तिन्ही फायलींचे डिफ मला पाठव, फक्त त्यातले पासवर्ड आणि आतले आयपी पत्ते आधी खोडून.